पीडीपी-११ साठी सी कंपायलर: निवड, उभारणी आणि पारख

पीडीपी-११ हे यंत्र आणि सी ही भाषा यांचे नाते जन्मापासूनचे आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७० मध्ये हे सोळा बिटांचे मिनिकॉम्प्युटर बाजारात आणले. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात सी त्यावरच घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल, म्हणजे गाभा, या भाषेत नव्याने लिहिला गेला. त्यामुळे या यंत्रासाठी कंपायलरांचा, म्हणजे सीतील मजकुराचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामांचा, तुटवडा कधीच नव्हता. गाडी अडते ती निवडीपाशी, कारण प्रत्येक कंपायलर विशिष्ट प्रोसेसर, विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टीम आणि भाषेची विशिष्ट पिढी गृहीत धरून लिहिलेला आहे. नव्याने या यंत्राच्या नादी लागलेली मंडळी बहुधा भाषेच्या मानकापासून सुरुवात करतात आणि ‘एएनएसआय सी (म्हणजे मानक सी) चालेल असा कंपायलर कोणता’ असे विचारतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी यंत्राची मेमरी-व्यवस्था पाहावी, मग ऑपरेटिंग सिस्टीम ठरवावी आणि मानकाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

लेखात कमांड आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत; यंत्रावर ते अर्थातच रोमन अक्षरांत टंकावयाचे आहेत.

यंत्र नेमके कोणते आहे?

पीडीपी-११ चा ॲड्रेस सोळा बिटांचा असल्याने एका प्रोग्रामला एका वेळी ६४ केबीच दिसतात. यंत्रात ४ एमबी मेमरी बसवलेली असली तरी ही मर्यादा हटत नाही. जास्तीची मेमरी अनेक प्रोग्राम एकाच वेळी ठेवण्याच्या कामी येते. मात्र ११/४५, ११/७०, ११/४४ आणि जे-११ चिपवर आधारित ११/७३, ११/८३ यांसारख्या मॉडेलांत आज्ञा आणि डेटा यांच्यासाठी स्वतंत्र ॲड्रेस-क्षेत्रे आहेत, म्हणजे प्रोग्रामला ६४ केबी आज्ञांसाठी आणि आणखी ६४ केबी डेटासाठी मिळतात. ११/३४, ११/४०, ११/२३ आणि ११/२४ यांत ही सोय नाही, आणि ११/०३ मध्ये तर मेमरी मॅनेजमेंटच नाही. कंपायलर हाही शेवटी एक प्रोग्रामच असल्यामुळे त्याने या जागेत स्वतः मावले पाहिजे. पुढचे बहुतेक निर्णय या एका गोष्टीवर ठरतात.

खोक्यावरच्या पाटीवर विसंबू नये. या यंत्रांचे बोर्ड त्यांच्या आयुष्यात कितीदा तरी बदलले जात, त्यामुळे ११/२३ च्या पेटीत ११/७३ चा बोर्ड सापडणे अजिबात दुर्मिळ नाही. क्यू-बस (काही मॉडेलांतील बोर्ड एकमेकांना जोडणारी वाहिनी) असलेल्या यंत्रात बोर्डाच्या मुठीवरचा क्रमांक वाचावा. एम७२६४ आणि एम७२७० हे एलएसआय-११ चे, म्हणजे ११/०३ चे बोर्ड होत. एम८१८६ हा ११/२३ चा, एम८१८९ हा ११/२३-प्लसचा, एम८१९२ हा ११/७३ चा, तर एम८१९० हा जे-११ चा मोठा बोर्ड असून तो ११/७३ आणि ११/८३ या दोन्हींत आढळतो.

बोर्ड बाहेर काढायचा नसेल तर यंत्रालाच विचारता येते. ‘एमएफपीटी’ नावाची आज्ञा प्रोसेसरचा प्रकार आर० या रजिस्टरमध्ये ठेवते आणि अष्टमान पद्धतीत तिचा अंक नुसता ७ आहे. क्यू-बसच्या यंत्राच्या कन्सोलवर ओडीटीचे (मेमरी पाहण्या-बदलण्याच्या अंगभूत सोयीचे) ॲट हे चिन्ह दिसत असताना ‘१०००’ आणि तिरकी रेघ टंकावी. त्या जागेतील जुना मजकूर छापला जाईल. त्यापुढे ७ टंकून लाइन फीड द्यावे, पुढच्या जागेत ०, म्हणजे हॉल्ट, टाकून रिटर्न दाबावे आणि ‘१०००जी’ अशी आज्ञा द्यावी. यंत्र ००१००४ छापून थांबले की ‘आर०’ आणि तिरकी रेघ टंकून रजिस्टर वाचावे. ३ आले तर एफ-११ चिप, म्हणजे ११/२३ चे घराणे. ५ आले तर जे-११. एलएसआय-११ ला ही आज्ञाच ठाऊक नसल्यामुळे तेथे यंत्र १० या अष्टमान व्हेक्टरकडे (अनोळखी आज्ञेसाठी राखलेल्या जागेकडे) भरकटते. तसे झाले तर तेही एक उत्तरच आहे. ११/४४ चा कन्सोल निराळा आहे, पण तीच आज्ञा तेथे १ हे उत्तर देते.

याच बैठकीत आणखी दोन गोष्टी नोंदवून ठेवाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे गुणाकार, भागाकार आणि बहुबिट शिफ्ट करणारा ईआयएस हा आज्ञासंच. तो ११/२३ आणि ११/३४ मध्ये अंगभूत असतो, ११/०३ मध्ये वेगळ्या चिपने येतो आणि ११/०४ किंवा ११/१० मध्ये नसतो. दुसरी गोष्ट फ्लोटिंग पॉइंट युनिट. जे-११ मध्ये ते आहेच, ११/२३ मध्ये केईएफ११ ही जोड चिप बसवलेली असेल तरच. डिजिटलची आरटी-११ ही ऑपरेटिंग सिस्टीम चालू असेल तर ‘शो कॉन्फिगरेशन’ ही कमांड हे सारे सांगून टाकते.

कोणत्या सिस्टीमवर कोणता कंपायलर

स्वतंत्र आज्ञा-डेटा क्षेत्रे असलेल्या यंत्रावर माझी शिफारस २.११बीएसडी हीच आहे आणि तिच्याबाबत मी फारसा विचार करत नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या युनिक्सची डागडुजी स्टीव्हन शुल्त्झ यांनी पुढे कित्येक वर्षे केली. तिच्यासोबत येणारा सीसी हा रिची यांच्या मूळ कंपायलरचाच वंशज आहे: सी० हा टप्पा मजकूर वाचून त्याची रचना उलगडतो, सी१ त्यापासून असेंब्ली तयार करतो आणि ‘-ओ’ हा पर्याय दिल्यास सी२ त्या असेंब्लीवरून हात फिरवून अनावश्यक आज्ञा काढून टाकतो. कंपायलर तीन तुकड्यांत विभागलेला आहे तो हौसेने नव्हे. एकसंध कंपायलर ६४ केबीत मावतच नव्हता. त्याची भाषा मात्र जुनी, म्हणजे फंक्शनच्या प्रोटोटाइपांच्या (आर्ग्युमेंटांचे प्रकार सांगणाऱ्या घोषणांच्या) आधीची आहे. प्रोटोटाइप असलेला मजकूर त्याच्या गळी उतरवायचा असेल तर वीत्से वेनेमा यांचे ‘अनप्रोटो’ किंवा एल. पीटर डॉइच यांचे ‘एएनएसआय२केएनआर’ हे रूपांतरक वापरावेत. साध्या नेटक्या कोडवर दोन्ही चोख काम करतात, मॅक्रोंच्या जंजाळात मात्र दोन्ही गडबडतात.

स्वतंत्र क्षेत्रे नसतील तर २.११बीएसडीचा हट्ट सोडावा. ती तेथे चालणारच नाही. ११/२३ आणि ११/३४ साठी २.९बीएसडी किंवा डिजिटलचीच अल्ट्रिक्स-११ हे मार्ग आहेत. सहाव्या आवृत्तीचे युनिक्स याहून छोटे आणि सुटसुटीत असले तरी १९७५ च्या त्या सीमध्ये ‘+=’ ऐवजी ‘=+’ लिहावे लागते आणि स्टँडर्ड आय/ओची ओळखीची लायब्ररी नसते, कारण ती १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर आली. अभ्यासासाठी ती उत्तम आहे, रोजच्या कामासाठी तिची वाट धरू नये.

युनिक्स नको, आरटी-११, आरएसएक्स किंवा आरएसटीएस/ई हीच सिस्टीम ठेवायची आहे, अशी स्थितीही पुष्कळदा असते. प्रयोगशाळेतील एखादे उपकरण त्याच सिस्टीमला जोडलेले असते आणि ते हलवण्याची कोणाची तयारी नसते. तेथे तीन नावे समोर येतात. डेकस सी हा डिजिटलच्या वापरकर्त्यांच्या संघटनेने वाटलेला, डेव्हिड कॉनरॉय यांनी मुळात लिहिलेला आणि नंतर अनेकांचे हात लागलेला कंपायलर आहे. तो फुकट आहे, लहान आहे आणि तिन्ही सिस्टीमांवर चालतो. भाषा मात्र जुनी. फ्लोटिंग पॉइंट आणि बिट फील्ड यांवर तुमचे काम अवलंबून असेल तर इतर काहीही करण्यापूर्वी त्यांचीच चाचणी त्यावर घ्यावी. पी. जे. प्लॉगर यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या व्हाइटस्मिथ्सचा कंपायलर हा व्यापारी सी कंपायलरांपैकी अगदी पहिला होय. पण तो आज कोणाच्या तरी जुन्या टेपवर सापडला तरच मिळणार आणि त्याची लायब्ररी स्वतःच्याच तऱ्हेची आहे. तिसरा म्हणजे डिजिटलचा स्वतःचा पीडीपी-११ सी. मानकाच्या सर्वांत जवळ जाणारा तोच आहे, आणि यंत्राबरोबर त्याचा परवाना आणि माध्यम हाती आले असेल तर आरएसएक्सवर दुसरा शोध घेण्याचे कारण नाही.

परवान्यांविषयी थोडक्यात. कॅल्डेरा कंपनीने २००२ मध्ये सातव्या आवृत्तीपर्यंतची युनिक्स खुल्या परवान्याखाली मोकळी केली आणि युनिक्स हेरिटेज सोसायटीच्या संग्रहात ती मिळतात. आरटी-११ आणि तिच्या बहिणींचे हक्क डिजिटलकडून १९९४ मध्ये मेंटेककडे गेले. त्यांची कागदपत्रे यंत्राबरोबर आली असतील तर जपून ठेवावीत.

यंत्रावरच कंपाइल करण्याचा आग्रह नसेल तर जीसीसी हा ग्नू प्रकल्पाचा कंपायलर हा चौथा मार्ग आहे. त्यात पीडीपी-११ चे लक्ष्य आजही टिकून आहे आणि २०१८ च्या सुमारास त्याची नीट दुरुस्तीही झाली. जीसीसी अर्थातच पीडीपी-११ वर चालत नाही. तो तुमच्या लिनक्सच्या संगणकावर बसून पीडीपी-११ साठी कोड काढतो. पुनरुज्जीवित पोर्टेबल सी कंपायलरमध्येही हे लक्ष्य आहे, पण दोहोंतून निवडायचे झाल्यास मी जीसीसी निवडतो, कारण त्याच्या पर्यायांत वेगवेगळ्या मॉडेलांचा विचार स्पष्ट केलेला आहे.

जीसीसीची उभारणी

आधी बिनयुटिल्स, म्हणजे असेंबलर आणि लिंकर यांचा संच, उभारावा. त्याच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला लक्ष्य म्हणून ‘पीडीपी११-एआउट’ आणि प्रीफिक्स म्हणून स्वतःच्या घरातील एखादी डिरेक्टरी द्यावी. बसवून झाल्यावर त्या डिरेक्टरीतील बिन ही उपडिरेक्टरी पाथमध्ये घालावी. हे न करता पुढे गेल्यास जीसीसीला असेंबलर सापडत नाही आणि मिळणाऱ्या त्रुटिसंदेशावरून ते कारण चटकन लक्षात येत नाही. मग जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन लायब्ररी असल्याची खात्री करून जीसीसी एका वेगळ्या रिकाम्या डिरेक्टरीत कॉन्फिगर करावा. भाषांमध्ये फक्त सी ठेवावी. शेअर्ड लायब्ररी, थ्रेड आणि एसएसपी (स्टॅकचे संरक्षण) हे सारे बंद करावे. ‘मेक’ला नुसती मोकळीक देऊ नये. ‘ऑल-जीसीसी’ आणि त्यानंतर ‘ऑल-टार्गेट-लिबजीसीसी’ एवढीच दोन लक्ष्ये सांगावीत, कारण या यंत्रासाठी तयार सी लायब्ररी जीसीसीसोबत येत नाही आणि संपूर्ण उभारणी तिच्या शोधात अडकते.

पर्याय निवडताना पहिल्या पायरीतील नोंदी काढून समोर ठेवाव्यात. काहीच सांगितले नाही तर जीसीसी ११/४५ आणि हार्डवेअर फ्लोटिंग पॉइंट गृहीत धरतो. फ्लोटिंग पॉइंट चिप नसलेल्या ११/२३ वर हे चालणार नाही. तेथे ‘-एम४०’ द्यावे, म्हणजे सॉफ्टवेअर फ्लोटिंग पॉइंट आणि एकच ॲड्रेस-क्षेत्र या दोन्ही गोष्टी आपोआप ठरतात. ईआयएस नसलेल्या यंत्रासाठी ‘-एम१०’ आहे. ११/७३ वर ‘-एमस्प्लिट’ द्यावे. इंट सोळा बिटांचाच ठेवावा. तो बत्तीस बिटांचा करण्याचा पर्याय आहे खरा, पण त्यामुळे प्रत्येक बेरजेला तीन आज्ञा लागून कोड फुगतो. ऑप्टिमायझेशनसाठी वेगापेक्षा आकाराला महत्त्व देणारा ‘-ओएस’ निवडावा. ६४ केबीत अंथरूण पाहूनच पाय पसरावे लागतात.

यंत्रापर्यंत नेणे

तयार झालेली एआउट (युनिक्सच्या जुन्या स्वरूपातील चालवण्याजोगी) फाइल सोळा बाइटांच्या शीर्षकाने सुरू होते आणि त्यातील पहिल्या शब्दावरून तिचा प्रकार कळतो. अष्टमान ४०७ म्हणजे सारे एकत्र, ४१० म्हणजे आज्ञांचा भाग फक्त वाचण्यापुरता, ४११ म्हणजे स्वतंत्र क्षेत्रे. ४०७ हा अंक यादृच्छिक नाही: ती पीडीपी-११ ची खरीखुरी आज्ञा आहे, ‘सात शब्द पुढे उडी मार’. आज्ञा वाचून झाल्यावर प्रोग्राम काउंटर २ वर असतो, त्यात चौदा बाइट मिळवले की बरोबर सोळा, म्हणजे शीर्षक ओलांडून कोडची पहिली आज्ञा. शीर्षकासकट फाइल मेमरीत शून्यापासून ठेवून चालू केली तरी ती नीट धावावी, यासाठी केलेली ही युक्ती आहे.

स्वतंत्र क्षेत्रे नसलेल्या यंत्रावर ४१० पेक्षा ४०७ बरे, हे मात्र आवर्जून सांगावेसे वाटते. मेमरी मॅनेजमेंट ६४ केबीचे आठ पानांत, प्रत्येकी ८ केबी असे, तुकडे करते आणि ४१० मध्ये डेटा नव्या पानावर सुरू व्हावा लागतो. आज्ञा १७ केबी असतील तर तीन पाने, म्हणजे २४ केबी, अडकतात आणि ७ केबी जागा वाया जाते. जागेची तंगी असलेल्या यंत्रावर हा तोटा परवडत नाही.

वाहतुकीसाठी सिरियल पोर्ट आणि कर्मिट हा फाइल पाठवणारा प्रोग्राम ही जोडी पुरेशी आहे. फाइलचा प्रकार दोन्ही बाजूंना बायनरी ठेवायला विसरू नये. ९६०० बॉडला सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात, म्हणजे ६० केबीच्या फाइलला प्रोटोकॉलचा भार सोडूनही मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. यंत्रावर काहीच बसवलेले नसेल आणि टेप ड्राइव्हही नसेल तर व्हीटीसर्व्हर सिरियल तारेवरून २.११बीएसडीची उभारणी करून देतो. रात्रभर चालेल अशा तयारीने ते लावावे. युनिक्सवर जीसीसीचे ऑब्जेक्ट मूळ लायब्ररीशी जोडताना स्वरूपांचा मेळ बसेनासा झाला तर त्यात वेळ घालवू नये: ‘-एमयुनिक्स-एएसएम’ देऊन जीसीसीकडून युनिक्सच्या धाटणीची असेंब्ली काढून घ्यावी आणि ती यंत्रावरच्या असेंबलरकडून जुळवून घ्यावी. लिबजीसीसीतील (जीसीसीच्या सहायक लायब्ररीतील) लागतील ती रुटीन त्याच वाटेने न्यावीत.

या सगळ्याची तालीम आधी सिम्हवर करावी. बॉब सुपनिक यांच्या या सिम्युलेटरमध्ये तुमच्याच यंत्राचे मॉडेल आणि मेमरी निवडता येते, त्यामुळे ११/२३ साठी बनवलेल्या कोडमध्ये स्वतंत्र क्षेत्रे लागणारी एखादी गोष्ट शिरली असेल तर ती तेथेच उघडी पडते. जुन्या डिस्कवर चुका करत शिकणे महागात जाते.

कंपायलरची पारख

‘हॅलो वर्ल्ड’ छापला म्हणजे कंपायलर सक्षम आहे असे होत नाही. पुढील चाचण्या छोट्या आहेत. त्या प्रत्येक उमेदवारावर घ्याव्यात आणि निकाल लिहून ठेवावेत.

पहिली चाचणी लॉंगमधील बाइटांच्या क्रमाची. षोडशमान ०१०२०३०४ ही संख्या लॉंगमध्ये ठेवून तिचे चार बाइट कॅरॅक्टर पॉइंटरने एकेक करून छापावेत. रिची यांच्या कंपायलरवर आणि जीसीसीवर २, १, ४, ३ असे उत्तर येते: वजनदार शब्द आधी, पण प्रत्येक शब्दात हलका बाइट आधी. हा क्रम आजच्या दोन्ही प्रचलित पद्धतींहून वेगळा असल्यामुळे दुसऱ्या यंत्रावरून आणलेल्या बायनरी फाइली वाचणारा कोड येथे हमखास चुकतो. दुसऱ्या कोणत्या कंपायलरचे ऑब्जेक्ट किंवा फोर्ट्रानची रुटीन जोडणार असाल तर दोन्हीकडे ही चाचणी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी चाचणी कॅरॅक्टरच्या चिन्हाची. कॅरॅक्टरमध्ये २५५ ठेवून तो इंटमध्ये घेतला की -१ येतो, कारण ‘मूव्हबी’ ही आज्ञा रजिस्टरमध्ये बाइट नेताना त्याचे चिन्ह वरच्या बाइटात पसरवते. यंत्राचा स्वभावच तसा असल्याने बहुतेक कंपायलर त्याच्याशी भांडत नाहीत. देवनागरीसारख्या लिप्यांच्या आठ बिटांच्या सांकेतिक तक्त्यांवर काम करणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे: अनसाइन्ड कॅरॅक्टर उपलब्ध आहे का ते पाहावे, नसेल तर प्रत्येक ठिकाणी अष्टमान ३७७ ने मास्क करावे.

तिसरी चाचणी लॉंगच्या भागाकाराची. १०००००० ला ७ ने भागून १४२८५७ आणि बाकी १ येते का, आणि -१०००००० ला भागल्यावर -१४२८५७ आणि बाकी -१ येते का, हे पाहावे. बत्तीस बिटांचा भागाकार करणारी आज्ञा यंत्रात नाही. तो लायब्ररीतील रुटीनमधून होतो आणि जुन्या लायब्ररींत ऋण संख्यांची बाजू कच्ची असू शकते.

नावांच्या लांबीची चाचणी सर्वांत जास्त त्रास वाचवते. डिजिटलचे लिंकर नावे रॅडिक्स-५० मध्ये साठवतात: चाळीस चिन्हांचा संच, तीन चिन्हे मिळून ६४००० शक्यता, आणि त्या सोळा बिटांच्या ६५५३६ मध्ये जेमतेम मावतात. दोन शब्दांत सहा अक्षरे, बस्स. ‘रीडरेकॉर्ड’ आणि ‘रीडरिझल्ट’ या फंक्शनांची रोमन लेखनातील पहिली सहा अक्षरे एकच असल्याने आरटी-११ च्या लिंकरला ती दोन्ही एकच वाटतात. रॅडिक्स-५० मध्ये अंडरस्कोरही नाही. सातव्या आवृत्तीच्या युनिक्सवर आठ अक्षरे आहेत, पण त्यातले एक कंपायलर पुढे अंडरस्कोर जोडण्यात खर्ची घालतो. बाहेरून आणलेल्या कोडमधील सर्व सार्वजनिक नावांची यादी काढून ती सहा किंवा सात अक्षरांवर छाटावी आणि कोणती दोन नावे एकमेकांवर आदळतात ते आधीच पाहून हेडरमध्ये डिफाइनने ती बदलावीत.

असेंब्ली हाताने लिहिणार असाल तर फंक्शनच्या सुरुवातीचा कोड एकदा डोळ्यांखालून घालावा. रिची यांचा कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या प्रारंभी ‘सीएसव्ही’ या रुटीनला हाक मारून आर२, आर३, आर४ जपून ठेवतो आणि शेवटी ‘सीरेट’वर उडी मारून ते परत आणतो, आर५ फ्रेमसाठी असतो, उत्तर आर० मध्ये, आणि लॉंग असल्यास आर० व आर१ मध्ये मिळते. रजिस्टर व्हेरिएबल तीनच का मिळतात याचेही कारण येथेच दिसते. जीसीसी या दोन रुटीनांच्या वाटेला जात नाही, रजिस्टरे स्वतः जपतो. डबल परत करणारी फंक्शने दोन कंपायलरांत मिसळणार असाल तर जीसीसीला ‘-एमएसी०’ द्यावे, म्हणजे उत्तर युनिक्सच्या अपेक्षेप्रमाणे फ्लोटिंग पॉइंटच्या पहिल्या रजिस्टरमध्ये येते.

शेवटची चाचणी क्षमतेची. शेकडो डिफाइन आणि मोठमोठी स्ट्रक्चर असलेली एखादी खरी फाइल कंपायलरपुढे ठेवावी. जुना सीसी ‘सिंबल टेबल ओव्हरफ्लो’ म्हणून थांबला तर दोष तुमच्या कोडचा नाही. त्याचा तक्ता ठराविक आकाराचा आहे. फाइल तोडून दोन कराव्यात, न लागणारी हेडर काढून टाकावीत. युनिक्सवर याहून कठोर परीक्षाही घेता येते: सीसीच्या मूळ मजकुरातून सीसी बनवावा, त्या नव्या सीसीने पुन्हा तोच मजकूर कंपाइल करावा आणि तिसऱ्यांदाही तेच करून दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे ऑब्जेक्ट ‘सीएमपी’ने ताडून पाहावेत. त्यांत एका बाइटाचाही फरक निघाला तर कंपायलरवर संशय घेण्याआधी मेमरीच्या बोर्डांची तपासणी करावी. चाळीस वर्षांच्या रॅम चिपमधला एखादा बिट अधूनमधून उलटत असला तर अशा लांबलचक कामातच तो पकडला जातो.